पाठ फिरवू नका

नाशिकच्या वेशीवरच्या वनउद्यानात शैला सकाळी आठलाच पोचली. सोबत तिची सहा वर्षांची ओवी होती आणि वाट दाखवायला वनमजूर नवसाबाई. नवसाबाई मूळची पेठ तालुक्याकडची, पन्नाशीची, हातात काठी. फाटकावरच तिनं बजावलं होतं, "पोरीचा हात सोडायचा नाय."

शैलानं हात सोडला तो बाटलीचं झाकण उघडण्यापुरता.

"आई, मांजरीचं पिल्लू!"

ओवी पायवाटेपासून दहा पावलांवर, घाणेरीच्या जाळीपुढे उकिडवी बसली होती. समोर ठिपक्या-ठिपक्यांचं, निळसर डोळ्यांचं पिल्लू धडपडत होतं. तिनं हात पुढे केला.

शैला धावणार, तोच नवसाबाईनं तिचा दंड धरला. "पळू नका. बिबट्याचं हाय ते. आई इथंच आसंल."

"अहो, माझी मुलगी..."

"आणू. पर चालत." मग आवाज मऊ करून ती म्हणाली, "ओवी, हात मागं घे, बाळा. उभी रहा. हळू."

ओवी उभी राहिली. जाळीतून खोल गुरगुर आली आणि बिबट्याची मादी बाहेर आली. मान खाली, कान मागे.

दोघी खांद्याला खांदा लावून पुढे निघाल्या. दहा पावलं. शैलाला स्वतःचा श्वास मोठ्यानं ऐकू येत होता.

"वाकू नका," नवसाबाई पुटपुटली. "वाकलं की आपण त्याला लहान जनावर वाटतो."

"ओवी, दोन्ही हात वर कर," शैला म्हणाली. ओवीनं केले. शैलानं तिला दंडांना धरून वर उचललं आणि छातीशी घट्ट धरलं.

"आता मागं मागं. पाठ फिरवू नका."

तिसऱ्याच पावलाला शैलाची टाच दगडाला अडखळली. ती झोक गेल्यासारखी डुलली. मादीनं झेप घेतली आणि चार हातांवर थांबली. धूळ उडाली. नवसाबाईनं काठी जमिनीवर आपटली आणि पोटातून ओरडली, "हाऽऽड!"

कुणीच हललं नाही. ओवीची नखं शैलाच्या मानेत रुतली होती.

मग मादी मागे सरली. पिल्लाची मानगूट तोंडात धरून ती जाळीत शिरली. पानं हलायची थांबली, तरी त्या दोघी मागे मागेच चालत राहिल्या.

पायवाटेवर आल्यावर नवसाबाई मटकन दगडावर बसली. तिनं फोन काढला, पण वनखात्याच्या साहेबांचा नंबर लागेना. शैलानं फोन घेऊन लावून दिला.

तेवढ्यात वळणावरून कॉलेजची चार मुलं आली. ओरडणं ऐकलं असावं. फोन आधीच हातात होते. "बिबट्या दिसला का मावशी? कुठंय?"

ओवीला कडेवर घेऊन शैला वाटेच्या मधोमध उभी राहिली.

"मादी आहे, पिल्लू आहे तिचं," ती म्हणाली. "पुढे कोणीही जायचं नाही."

एकानं बाजूनं निसटायला पाहिलं. शैलानं त्याची बॅग पकडली ती सोडलीच नाही, खालून वनरक्षक येईपर्यंत.