परवान्यातली विहीर

मित्रांनो, मी एक जुनी विहीर आहे. पण माझ्याकडे घागर घेऊन कधीच कुणी आले नाही. किर्गिझ डोंगरातल्या सोन्याच्या खाणीचा गाळ जिथे साठवतात, त्या तलावाच्या खालच्या अंगाला, सायराकान-आपा नावाच्या म्हातारीच्या कुंपणामागे मी उभी आहे. जमिनीत खोल गेलेला एक नळ आणि वर कुलूपबंद झाकण, एवढेच माझे रूप. खाणीला परवाना देताना सरकारने अट घातली होती: भूजल तपासायला विहीर हवी, आणि तिच्यात विष निघाले की खाण बंद. ती विहीर मी.

मला खोदले तेव्हा काय कौतुक झाले! साहेबांनी माझ्या झाकणावर हात ठेवून फोटो काढले. "ही तुमची राखणदार," असे गावाला सांगितले. मलाही ते खरे वाटले, वेडीच मी. पुढे झाकण गंजले, लोक मला शेळ्या बांधू लागले. आणि एका वसंतात तलावातून झिरपलेले आर्सेनिकचे विष माझ्यापर्यंत पोहोचले. माझ्याखालचे तेच पाणी आपांच्या हातपंपाला येत होते.

आधी आपांच्या घोडीला मेलेले शिंगरू झाले. मग सुनेचे, नुरझातचे, पहिले मूल पोटातच गेले. तिला पुन्हा दिवस राहिले तेव्हा आपांना पंपाच्या पाण्याचा संशय आला आणि त्या हट्टाला पेटल्या. नुरझातला त्यांनी नदीचे पाणी प्यायला लावले आणि राजधानीत खेटे घालून तपासनीस आणवलाच.

कुबानिच त्याचे नाव. खाणीला न कळवता तो सकाळीच आला आणि बाटल्या घेऊन थेट माझ्याकडे निघाला. आपांनी त्याला अंगणातच अडवले.

"कुठं निघालास? आधी भाकरीचा तुकडा तरी मोड."

"आपा, आधी पाणी घेतो. मग बसू निवांत."

"साहेब असशील कचेरीत. माझ्या दारात तू पाहुणा! उपाशी कामाला लावलं तर गाव माझ्या तोंडात शेण घालेल."

तिथे भाकरी नाकारणे म्हणजे घराचा अपमान. तो बसला. चहा झाला, लोणी झाले, मग आपांनी मेंढा कापला. मेंढा शिजायला वेळ लागतो, मित्रांनो, आणि मेंढा कापल्याची बातमी खाणीपर्यंत जायला अजिबात लागत नाही. घरात पाहुण्यापुढे मानाचे म्हणून मेंढ्याचे डोके मांडले जात होते, तेव्हा कुंपणामागे खाणीचा टँकर उभा राहिला. खाणीवरच्या मिर्लानने झाकण उघडून झऱ्याचे पाणी माझ्यात ओतले.

"पी म्हातारे," तो हसला. "आज तुलाही मेजवानी."

नियमाप्रमाणे आधी साचलेले पाणी उपसायचे असते, मग खालचे ताजे घ्यायचे. पण कुबानिचचे पोट जड झाले होते. त्याने वरचेच भरले.

निकाल आला: पाणी स्वच्छ. खाणीचा परवाना वाढला. आपांनी आनंदाने स्वतः पंप मारला आणि नुरझातला पेला भरून दिला. "आता कशाला नदीवर जातेस, पोटुशी बाई? सरकारनंच सांगितलं. पी पोटभर."

तेही मूल गेले.

"पाणी तर चांगलं निघालं," आपा सुनेला म्हणाल्या. "म्हणजे खोट तुझ्यातच." नुरझातला त्यांनी माहेरी धाडले. तिने स्वतःच आपले गाठोडे बांधले. तिलाही ते पटले होते, याचेच मला सर्वांत वाईट वाटते.

मित्रांनो, मोठे होऊन तुमच्यापैकी कुणी तपासनीस झालात, तर आधी मला तळापर्यंत उपसा आणि जेवायला मग बसा. पण जमले तर लवकर या. आपा मुलासाठी दुसरी मुलगी बघत आहेत.