आडवं जायचं नाही

"जा ना, मुली. तुझीच पाळी आहे," डार्लीनबाई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. लायसन्सची परीक्षा घेणाऱ्याने असं सांगायचं नसतं.

चौकात चारी बाजूंना थांबायच्या लाल पाट्या होत्या. नियम सोपा. जो आधी येईल तो आधी निघेल. जिबेक आधी आली होती आणि ते तिला स्वच्छ कळत होतं. नियमांच्या लेखी परीक्षेत तिचं एकही उत्तर चुकलं नव्हतं. पण उजव्या हाताच्या रस्त्यावर एक जुनाट पिकअप येऊन थांबली होती आणि तिच्या स्टिअरिंगवर एक म्हातारा बसला होता. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, मान जराशी पुढे आलेली. तिच्या देशात, नारिनच्या गुरांच्या बाजारात घोड्यावरून उतरणाऱ्या आजोबांची असते तशीच.

जिबेकचा पाय ब्रेकवरून हलेना.

वडीलधाऱ्यांना आडवं जायचं नाही. हे तिला कुणी बसवून शिकवलं होतं असं नाही. पाण्याची बादली घेऊन निघालेली पोर समोरून म्हातारं माणूस येताना दिसलं की जिथल्या तिथे थांबते. हात भरून आले तरी थांबते. ते पुढे गेलं की मग रस्ता ओलांडते. लग्न होऊन सासरी आल्यावर तर सासऱ्यांच्या पुढून जाणं नाहीच, मागून वळसा घालायचा. गुडघ्यांनाच ते ठाऊक असतं, डोक्याला विचारावं लागत नाही.

तिने उजवा हात छातीवर ठेवला, मान लववली आणि म्हाताऱ्याला खूण केली, आपण पुढे व्हा. म्हातारा इथला, मक्याच्या शेतांमधला, जुन्या वळणाचा. बाईमाणसाच्या आधी निघणं त्याच्याही रक्तात नव्हतं. त्याने टोपीला बोट लावलं आणि हात हलवला, तुम्हीच जा. तिने पुन्हा मान लववली. त्याने पुन्हा हात हलवला. मागून कुणीतरी हॉर्न दिला, आणि दोघांनाही एकाच क्षणी वाटलं, जाऊ दे, आता आपणच निघावं.

"थांब!" डार्लीनबाई ओरडल्या.

दोन्ही गाड्या नाकाला नाक लागता लागता राहिल्या. म्हाताऱ्याने काचेआडून ओशाळून हात वर केला.

"परीक्षा इथेच संपली बरं," बाई म्हणाल्या. आवाज कडक नव्हता, तेच जास्त लागलं. "गाडी झकास चालवतेस. तू मागे घेतलीस तशी माझ्या नवऱ्याला जन्मात जमली नाही. पण मला 'थांब' म्हणावं लागलं की माझे हात बांधलेले असतात."

"ते म्हातारे होते," जिबेक म्हणाली.

"कोण, वॉल्ट? अगं, तो रोजच जातो इथून. त्याचं काय?"

शेतातल्या खाऱ्या मातीवर, आपल्या अभ्यासाच्या विषयावर, जिबेक तासभर इंग्रजीत बोलू शकली असती. हे मात्र सांगता येईना.

लायसन्सच्या कचेरीत बाकावर एफुआ बसली होती, आणि तिच्या मांडीवर जिबेकची मुलगी सेझिम. एफुआ घानाची, विद्यापीठात जिबेकच्याच विभागातली, वयाने थोडी मोठी. जिबेकचा चेहरा पाहून तिने सरकून बाकावर जागा केली. सगळं ऐकून घेतल्यावर मात्र तिला राहवलं नाही.

"अगं बये, आमच्याकडे अक्रात लोक हॉर्न बडवून पास होतात. तू नमस्कार घालून नापास झालीस? पाहुणचाराला गेली होतीस का चौकात?"

जिबेक हसली. हसता हसता तिचे ओठ वाकडे झाले. एफुआने सेझिमला तिच्या कडेवर दिलं आणि ती पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत बसली.

सेझिमला जन्मापासून कमी ऐकू यायचं. तिच्या दोन्ही कानांमागे निळी यंत्रं होती. दर गुरुवारी शहरातल्या दवाखान्यात मिस कॅरा तिला बोलायला शिकवायची. इथून शहराला बस नव्हती. टॅक्सी एखाद्या वेळी ठीक, दर आठवड्याला झेपणारी नव्हती. इतके महिने एफुआ आपल्या गाडीतून दोघींना न्यायची. आता एफुआची पदवी झाली होती आणि रविवारी तिचं विमान होतं. दवाखान्याचा नियम होता, लागोपाठ दोन खेपा चुकल्या की जागा यादीतल्या दुसऱ्या मुलाला. नियम वाईट नव्हता. सेझिमलाही ती जागा तशीच मिळाली होती.

खरं तर जिबेक हिवाळ्यापासून या कचेरीच्या पायऱ्या झिजवत होती. आधी कितीतरी दिवस कॉम्प्युटरच तिला ओळखायला तयार नव्हता. परदेशी विद्यार्थ्याचं नाव वर कुठेतरी तपासायला जातं. तिचं गेलं ते परतच येईना. ते आलं तोवर बर्फ वितळलं होतं.

खिडकीतल्या तरुणाने पुढची तारीख काढली. महिन्याभरानंतरची.

"याच्या आधीची नाहीच का? माझ्या मुलीला दर गुरुवारी..."

"कुणी रद्द केली तर मिळेल. रोज सकाळी बघत राहा." मग तो सेझिमकडे बघून हळूच म्हणाला, "समजतं मला, ताई. खरंच समजतं."

त्याला खरंच समजलं होतं. पण त्याच्याकडे तारीख नव्हती.

बाहेर आल्यावर एफुआने किल्ली पुढे केली. "गाडी तुझ्याकडे ठेवून चाललेय. कागद उद्या करू. चालव सरळ! कोण बघतंय?"

"शिकाऊ परवान्यावर? शेजारी लायसन्सवालं कुणी नसताना? पोलिसाने धरलं तर?"

"तर दंड..." म्हणून एफुआ थांबली. तीही त्याच व्हिसावर आली होती. इथल्या पोराचा जो नुसता दंड असतो, तो आपल्या नावापुढे कुठवर जाऊन बसतो, हे तिला सांगावं लागत नव्हतं.

संध्याकाळी नारिनहून सासूबाईंचा फोन आला. तिकडे सकाळ होती. मागे गाय हंबरत होती. जिबेकचा नवरा तिलेक ट्रक घेऊन घाटात गेला होता. त्याच घाटात त्याने बायकोला गाडी शिकवली होती. त्याला मात्र इथला व्हिसा दोनदा नाकारला होता.

"झालीस का गं पास?"

"नाही, आपा." सासूबाईंना ती आपा, म्हणजे आईच म्हणायची. तिने चौकातलं सगळं सांगितलं.

"पांढऱ्या दाढीचा होता म्हणतेस?"

"हो, आपा."

"मग बरोबर केलंस!" म्हातारीचा आवाज एकदम उजळला. "बघ, एवढी सातासमुद्रापार गेली, पण माझी सून वळण विसरली नाही. थांब, शेजारच्या बुरुलला सांगूनच येते. फार मिरवत असते, तिची सून बिश्केकला शिकते म्हणून."

"आपा, पण सेझिमचा गुरुवार..."

"होईल गं. देव आहे ना."

जिबेकने फोन कानाशी तसाच धरून ठेवला. त्या घरात गेल्या कित्येक महिन्यांत आनंदाची एवढीच बातमी पोचली होती. ती कशी परत घेणार?

एफुआ गेली. गुरुवार आला. जिबेकचं ओळखीच्या सगळ्यांना विचारून झालं होतं. कुणाची परीक्षा, कुणाचं काम, बाकीच्यांची तिच्यासारखीच गत. दवाखान्यात फोन केला तेव्हा मिस कॅरा म्हणाली, "होतं असं. पण पुढच्या गुरुवारी जमवाच हं."

सेझिमला कोण सांगणार? गुरुवारी सकाळी यंत्रांत नवे सेल घातले की बूट घालून गाडीत बसायचं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. ती दोन्ही बूट छातीशी धरून दाराशी उभी राहिली. मग आईची ओढणी ओढायला लागली. शेवटी जिबेक तिला खाली घेऊन गेली. एफुआच्या कुलूप न लावलेल्या गाडीत मागच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि स्वतः स्टिअरिंगवर जाऊन बसली. किल्ली वर घरातच होती.

मिस कॅराचा एक खेळ होता. टेबलावर खेळण्यातली गाडी हाताखाली दाबून धरायची. मुलाच्या तोंडून शब्द आला की सोडायची. शब्द नाही, तर गाडी नाही. "तुमच्या घरच्या भाषेतला घ्या," ती म्हणाली होती. म्हणून जिबेकने तिलेकचा शब्द घेतला होता, 'केत्तिक'. चला, निघू. ट्रक सुरू करताना तो दर वेळी म्हणायचा. हिवाळाभर जिबेक तो म्हणत राहिली आणि पोर नुसती ओठांकडे बघत राहिली.

वरच्या मजल्यावरचे आजोबा कुत्र्याला घेऊन गाडीच्या पुढून सावकाश निघाले. जिबेकचा हात आपोआप छातीवर गेला.

"के," मागून आवाज आला.

तिने आरशात पाहिलं. सेझिम बाजूच्या खिडकीकडे नाही, समोरच्या रस्त्याकडे बघत होती.

"केत्... तिक."

आजोबा पलीकडे पोचले. समोरचा रस्ता पार टोकापर्यंत मोकळा होता.

"केत्तिक!" सेझिम पाय झाडत ओरडली, आणि वाट पाहू लागली.

जिबेकने आरशातून मान डोलावली. बंद गाडीच्या ब्रेकवर तिचा पाय घट्ट दाबलेला होता.