काहिलीशेजारचं वाडगं

“चाचा, उतरायची का काहिल?” चुलाण्यावरच्या केरबानं तिसऱ्यांदा विचारलं.

“थांब की! तुला काय गाडी गाठायची हाय?” बाबालाल खेकसला.

खरं तर जीव त्याचाच वरखाली होत होता. काहिलीत उसाचा पाक फुगून फदफदत होता. त्यानं पळी उंच धरून धार सोडली. कच्च्या पाकाची धार सरळ बुडते. पाक पिकला, की तीच धार खाली टेकताच मुरडते, वेटोळ्यावर वेटोळं घालते आणि क्षणभर तशीच बसते. तीस वर्षं बाबालालनं ही वेटोळी पाहूनच गूळ उतरवला होता. पाण्यात पाक टाकून गोळी चाचपणाऱ्या गुळव्यांना तो हसायचा. महाराजांच्या नव्या शाहूपुरी पेठेत दलाल नुसती ढेप पाहून त्याचा हात ओळखायचे.

आज मात्र धारेच्या जागी नुसता तांबूस धूर दिसत होता. महिन्याभरापासून समोरचा जोतिबाचा डोंगरही दिसेना. थंडीचं धुकं असेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती. आता आणखी उशीर झाला तर पाक करपणार होता आणि मालकाच्या गाडीभर उसाची माती होणार होती.

“केरबा, वाडगंभर पाणी आण.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. रमजान चालू होता. बाबालालनं उभ्या हयातीत रोजा मोडला नव्हता.

मालक हंबीरराव जवळ आले. “सोसंना व्हय, चाचा? प्या बिनघोर. आमी कुठं बोलणार न्हाय.”

तहानेनं डोळे फिरले म्हणावं, पळी केरबाच्या हाती द्यावी आणि झाडाखाली जाऊन पडावं, असं बाबालालला फार वाटलं. रोजा मोडल्याची लाज चार दिवसांची. डोळे गेल्याची कायमची. पण पाक थांबणार नव्हता आणि आयुष्यात कधी तो खोटंही बोलला नव्हता.

केरबानं दिलेलं वाडगं त्यानं खाली ठेवलं, त्यात पाक सोडला आणि बोटांनी चाचपला. घट्ट गोळी झाली.

“उतरा!”

चौघांनी काहिल उतरवली. निववायच्या वाफ्यात गूळ सोन्यासारखा पसरला. हंबीरराव बाबालालच्या डोळ्यांकडे बघत राहिले, मग म्हणाले, “चाचा, गूळ झ्याक झालाय.”

बाबालाल पळी धुवायला वळला. त्याला रडू येत होतं.

दुसरी काहिल चढली. रस आटला, पाक फुगू लागला. बाबालालनं न बोलता हात खाली नेला. केरबानं वाडगं भरून बरोबर त्याच्या हाताखाली ठेवलं होतं.