ओल्या पोत्यातला लॅपटॉप

हातून एखादी वस्तू पडणे हा दोष फार लहान. परंतु जिच्याविषयी आपण पूर्वी उघड नाराजी बोलून दाखवली, नेमकी तीच वस्तू आपल्याच हातून पडावी, हे मोठे संकट होय. तेथे अपघात कोणता आणि हेतू कोणता, हे करणाऱ्याच्याच मनाला ठाऊक असते; पाहणाऱ्याने विश्वास ठेवावा की न ठेवावा, हा सर्वस्वी त्याचा अधिकार. चैत्रातल्या एका सकाळी रिसोडच्या जीपथांब्यावर गिरजाबाईंवर हा प्रसंग ओढवला.

गिरजाबाईंचे घर भाजीपाला पिकवणारे. त्यांची सून उज्ज्वला वाशीमची, विज्ञानाची पदवीधर. लग्न होऊन येताना तिने आपला जुना लॅपटॉप सोबत आणला होता. दिवसदिवस त्याच्यासमोर बसणाऱ्या सुनेला पाहून गिरजाबाई पहिल्या वर्षी शेजारणींपुढे म्हणाल्या होत्या, की या डब्याने माझी सून गिळली. ते बोलणे फिरत फिरत उज्ज्वलेच्या कानी गेले. तिने कधी उत्तर दिले नाही, आणि गिरजाबाईंनीही पुन्हा तसा शब्द काढला नाही. दोघी एकमेकींना जपून वागत; पण त्या जपण्यातच थोडे अंतर राहून गेले होते.

पुण्याच्या एका संस्थेला खेड्यापाड्यांतील मुलींना संगणकावरून विज्ञान शिकवणारी शिक्षिका हवी होती. निवडीसाठी उज्ज्वलेला त्या दुपारी एक धडा शिकवून दाखवायचा होता. चंद्राला ग्रहण कसे लागते, याची हलती चित्रे तिने महिनोन्‌महिने खपून स्वतः काढली होती, आणि ती सारी त्या लॅपटॉपात होती. मळ्यात इंटरनेट धड चालत नसे, म्हणून रिसोडला नणंदेच्या, अंजूच्या घरी बसायचे ठरले. उज्ज्वला नवऱ्याच्या मोटारसायकलवर पुढे निघाली; तिला सोडून तो मळ्यात परतणार होता. खडबडीत रस्त्यावर यंत्राला धक्के बसतील, या भीतीने तिने ते भाजी घेऊन जीपने जाणाऱ्या सासूच्या स्वाधीन केले. मांडीवरून खाली ठेवू नका, एवढेच ती म्हणाली.

गिरजाबाईंनी ते वाटभर तान्ह्या लेकरासारखे मांडीवर धरले. मात्र उतरताना एका हातात भाजीचे गाठोडे, दुसऱ्या हातात लॅपटॉपची पिशवी, मागून कोणाचा तरी रेटा. आणि पिशवी फरशीवर आपटली. त्यांनी घाईने यंत्र बाहेर काढले. एक कोपरा किंचित टवकला होता. शिवाय जीपच्या खिडकीतल्या उन्हाने ते चांगलेच तापले होते, एवढे त्यांच्या बोटांना कळले. मग त्यांनी तेच केले, जे उन्हात तापलेली भाजी गार ठेवायला त्या जन्मभर करीत आल्या होत्या. गाठोड्यात कोथिंबीर होती, जिला तिकडे सांबार म्हणतात. तिच्याभोवतीचे ओले पोते त्यांनी सोडले, हिरव्या जुड्यांच्या मधोमध लॅपटॉप ठेवला, पोते पुन्हा घट्ट बांधले, आणि बाजाराकडे न वळता थेट लेकीचे घर गाठले.

उज्ज्वलेने पोते उलगडले तेव्हा तिचा चेहरा उतरला. कोथिंबिरीची पाने झटकून तिने बटण दाबले. पडदा उजळला, फडफडला, आडव्या रेघांनी भरला, काळा झाला आणि पुन्हा उजळला. नीट वाचता येईल असे त्यावर काहीच टिकेना.

"ओल्या पोत्यात, आई?" अंजू म्हणाली. "तुले तं हे मशीन पयल्यापासूनच सलत होतं."

लेकीच्या तोंडचा तो टोमणा गिरजाबाईंच्या काळजात रुतला. त्यांनी सुनेकडे पाहिले. उज्ज्वलेची नजर पोत्यावर खिळली होती.

"पोतं काहून गुंडाळलं, आई?" तिने हळूच विचारले.

"हातून पडलं माह्या. उचललं तं लय तापलं होतं," गिरजाबाई म्हणाल्या. "सांबार तापला की आपुन काय करतो? मले दुसरं काही सुचलंच नाही."

उज्ज्वलेने वाशीमला आपल्या धाकट्या भावाला, ऋषिकेशला, फोन लावला. तो संगणक दुरुस्त करीत असे. फोनच्या पडद्यावर त्याचा चेहरा दिसताच तिने हकीगत सांगितली, आणि सांगता सांगता डोळे पुसले.

"ताई, पयले ते बंद करून बॅटरी काढ," तो म्हणाला. "मग निवांत रड."

बॅटरी निघाली. ओलावा कोरड्या कापडाने टिपला गेला, आणि उघड्या लॅपटॉपवर पंखा लावून सासू-सून त्याच्याभोवती बसून राहिल्या. या वेळात अंजू ओळखीच्या घड्याळजीकडून स्क्रू काढायचा बारीक पेचकस घेऊन आली. सर्व कोरडे झाल्याची खात्री झाल्यावर ऋषिकेशने बॅटरी घालून क्षणभर यंत्र सुरू करायला आणि झाकण सावकाश मागेपुढे करायला सांगितले. झाकण थोडे मागे जाताच चित्र स्थिर झाले, पुढे येताच पुन्हा नाचू लागले. ते पाहून फोनमधला आवाज एकदम चढला. पडद्याची काच शाबूत आहे, म्हणाला. पडण्याने तिच्या पाठीमागची तारांची पट्टी तेवढी खोबणीतून निसटली आहे, ती बसवता येईल.

खोलीतली हवाच पालटली. बॅटरी पुन्हा काढून ठेवली. पडद्याच्या कोपऱ्यांवरची रबरी बटणे निघाली, त्यांखालचे स्क्रू निघाले, अंजूने ते एका वाटीत झेलले. प्लास्टिकची चौकट टकटक आवाज करीत सुटत गेली, आणि प्रत्येक आवाजासरशी तिघींचा श्वास थांबून पुन्हा सुरू होत होता. काचेचे बाजूचे स्क्रूही सैल झाले. आता ती काच पुढे कलती करून कोणीतरी अगदी स्थिर धरायची होती, म्हणजे मागची पट्टी दिसली असती. किंचित झटका बसता तर ती पट्टी तुटून गेली असती, आणि मग दुपारच्या धड्याची आशाच उरली नसती.

अंजूने हात पुढे केले. उज्ज्वला म्हणाली, "तुमी नको, अंजूताई. आई धरतील."

गिरजाबाई मागे सरकल्या. "माह्या हातात नको देऊ, पोरी. सकाळीच पाडलं न मी."

"म्हणूनच तुमच्या हातात देऊन राह्यली," उज्ज्वला म्हणाली. "धरा."

गिरजाबाईंनी पदराला हात पुसले आणि काच दोन्ही तळव्यांत घेतली. त्यांचे डोळे भरून आले होते. परंतु हात जराही हलले नाहीत. उज्ज्वलेने मागची चिकटपट्टी नखाने उचलली. ऋषिकेश म्हणाला होता तसेच, ती तारांची चपटी पट्टी एका बाजूने तिरपी होऊन निघाली होती. तिने ती सरळ केली आणि दोन अंगठ्यांनी समान दाब देत आत सरकवली. ती खोबणीत बसल्याचे बोटांना जाणवले. चिकटपट्टी पूर्ववत लागली, काच जागेवर बसली.

बॅटरी घालून बटण दाबले. पडदा उजळला. झाकण मागे नेले, पुढे आणले. चित्र ढळले नाही. काळ्या आकाशात चंद्र होता, आणि पृथ्वीची सावली त्याच्यावर संथपणे चढत होती. फोनमध्ये ऋषिकेश टाळ्या वाजवीत होता, अंजू हसत होती. उज्ज्वलेने सासूच्या खांद्यावर डोके टेकले, आणि सकाळपासून आवरलेले रडू तिला तेथे आले.

"रडू नको," गिरजाबाई म्हणाल्या. "तोंड धू. तुले शिकवाचं हाये."

दुपारी बंद दाराआडून उज्ज्वलेचा आवाज येत होता, आधी जपून, मग मोकळा. पुण्याच्या संस्थेतल्या बाईंनी धडा संपताच आणखी एक प्रश्न विचारला: वैशाखापासून सुरुवात करता येईल का? दाराला कान लावून बसलेल्या गिरजाबाईंनी आतले उत्तर ऐकण्याआधीच मान डोलावली.

त्या सासूचे हात आणि त्या सुनेचे मन, दोन्ही असेच स्थिर राहोत. त्या घरी जे हातून निसटेल, ते सावरायला दुसरे कोणी सदैव जवळ असो.