आत्याच्या नावचे उपास

त्या वर्षी पंधरा ऑगस्ट श्रावणी सोमवारी आला. पहाटे महादेवाला बेल वाहून, परडी हातात तशीच घेऊन जयवंती माणिकपूरहून निघाली आणि आगाशीच्या पलीकडच्या वृद्धाश्रमात पोचली, तेव्हा ध्वजवंदन उरकलं होतं. अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर म्हातारीकोतारी ओळीनं बसवलेली. त्यांच्यामागे कुणाची लेक, कुणाचा जावई, सुट्टी म्हणून भेटायला आलेले. कुणा पुढाऱ्याकडून जिलबी आली होती. निळ्या साडीतली आया कागदी बश्या वाटत चालली होती.

जयवंतीची आत्या यमुना शेवटून तिसऱ्या खुर्चीत होती. आधी तर जयवंतीनं तिला ओळखलंच नाही. वैशाखात तिला इथं ठेवलं तेव्हा ती चांगली भरलेल्या अंगाची होती. ज्येष्ठात जयवंती एकदा येऊन गेली, तेव्हा आश्रमाच्या संचालिका वसुंधराबाई म्हणाल्या होत्या, "सारखं येऊ नका हो, माणसं बिथरतात. रुळू द्या जरा." जयवंतीनं ते ऐकलं होतं. आता खुर्चीत दिसत होती ती गळ्याची हाडं आणि त्यावर सैल झालेलं पोलकं.

आया जवळ आली. यमुनाआत्यानं हात पुढे केला. तळवा वर.

"तुमचा सोमवार ना आजी," आया म्हणाली आणि बशी पुढच्या म्हातारीच्या मांडीवर ठेवून निघून गेली.

आत्याचा हात तसाच राहिला. मग तिनं तो पदराखाली घेतला. शेजारच्या ख्रिस्ती म्हातारीनं आयेची पाठ वळलेली बघितली, आपल्या जिलबीचा अर्धा तुकडा मोडला आणि आत्याच्या पदराखाली सरकवला. आत्यानं तो तोंडात टाकला. चावला नाही, गिळलाच. आणि मान वर केली तर समोर जयवंती.

"आलीस?" आत्या म्हणाली. ओठाला पाक लागला होता, तो तिनं पुसला नाही. "बघ. सोमवारी खाल्लं मी. लिहून घे कुठंतरी."

"आत्या, अगं तू केवढी..."

"माझा उपास आहे," आत्या म्हणाली. "काल रविवार. रविवारी कोण जेवतं, नाही का? परवा शनिवार होता, तेरवा संकष्टी होती, कायतरी होतंच."

"ती भ्रमिष्ट नाय हां," शेजारची म्हातारी म्हणाली. तिचं नाव अँजेलिना. "मुद्दाम बोलते. ह्या लोकांनी तिला आठवड्यातून चार दिवस कोरडं ठेवलंय. मी माझा पाव देते, तर मला पन ओरडतात. रात्री भुकेनं सैपाकघरात गेली, तर हाताला बांधून ठेवली. दाखव गो हात."

आत्यानं हात दाखवला नाही. जयवंतीनंच बांगडी वर सारली. मनगटाभोवती काळपट वळ होता, साडीच्या काठाएवढा रुंद.

जयवंतीचा आवाज मुळातच खालच्या पट्टीतला. एकनाथ, तिचा नवरा, म्हणायचा की ही भांडली तरी शेजाऱ्याला पोथी वाचते असं वाटतं. त्याच आवाजात तिनं कचेरीत जाऊन विचारलं, "माझ्या आत्याला तुम्ही उपाशी का ठेवता?"

वसुंधराबाई टेबलामागे बसल्या होत्या. ठसठशीत कुंकू, मनगटात गंडा. त्यांनी घाई केली नाही. कपाटातून फाइल काढली, एक कागद वर केला आणि जयवंतीकडे फिरवून ठेवला.

"हे अक्षर कुणाचं?"

अक्षर जयवंतीचं होतं. प्रवेशाच्या फॉर्मवर "आहाराचे पथ्य" अशी ओळ होती. तिच्यापुढे जागा पुरली नाही म्हणून तिनं मागच्या बाजूला लिहिलं होतं. सोमवार, गुरुवार, शनिवार. दोन्ही एकादश्या, संकष्टी, प्रदोष. श्रावणात एकभुक्त. खाली रेघ ओढून: कृपया नेम मोडू नये.

"आम्ही मोडला नाही," वसुंधराबाई म्हणाल्या. "तुम्हीच हात जोडून सांगितलंत, आठवतंय? म्हणालात, उतारवयात व्रत मोडलं तर सगळं वाया जातं."

"उपासाला फराळ देतात. केळं देतात, दूध देतात. उपास सोडायला रात्री जेवण देतात."

"स्वयंपाकघर सातला बंद. आणि फराळ घरून येणार असं तुमच्या भावांनी सांगितलं होतं. वाडीतली केळी पोचवतो म्हणाले. एक फणी आली नाही."

"मग मला फोन करायचा होता."

"आमच्याकडे बावीस माणसं आहेत बाई. प्रत्येकाच्या सुनेला, भाचीला फोन करत बसू? तुमच्यासारख्यांचं एक असतं. म्हाताऱ्यांना इथं आणून टाकायचं आणि पुण्य मात्र आपल्या पदरात पडायला हवं."

जयवंतीला ते लागलं. कारण खोटं नव्हतं. हे उपास आत्याचे होते, पण जुने. दोन वर्षांपूर्वी ती विहिरीच्या काठाला चक्कर येऊन पडली आणि डॉक्टरांनी सगळे उपास बंद केले. आत्यानंही हुश्श करून सोडले. जयवंतीलाच ते रुचलं नव्हतं. पन्नास वर्षांचं व्रत असं टाकायचं? आश्रमात गेल्यावर कुणी लक्ष ठेवलं तर तिच्याकडून आपोआप होईल, असं तिच्या मनात आलं आणि तिनं लिहिलं. आत्याला विचारलं नव्हतं.

"मी तिला घरी नेते," ती म्हणाली. "आत्ता."

"नेता येणार नाही. पालक म्हणून सही दिनानाथरावांची आहे. त्यांना आणा."

जयवंतीनं टेबलावरचा फोन ओढून भावाला लावला. दिनानाथ आगाशीतच, आत्याचं सगळं आयुष्य गेलं त्याच घरात राहत होता.

"दादा, आत्याची हाडं राहिलीत. तू केळी का नाही पोचवलीस?"

"सणासुदीला सकाळी सकाळी हे काय? आठवणीत राहिलं नाही. आणि तुला एवढा पुळका होता तर तू न्यायची होतीस."

"आता नेते. सही करायला ये."

"मी येत नाही. तुझ्या दोन खोल्यांत चार दिवस ठेवशील आणि परत माझ्या दारात आणून सोडशील. सुटलो होतो मी. आणि जयू, मला शिकवू नकोस. मी तिला उपाशी ठेवा असं लिहून दिलं नव्हतं. ते तू दिलंस."

फोन ठेवल्याचा आवाज आला. वसुंधराबाई फाइल मिटत होत्या.

"काय बघायचं ते बघून घ्या आणि निघा. पाहुणे आहेत आज."

जयवंतीनं तो कागद उचलला.

"अहो, ते रेकॉर्ड आहे!"

ती थांबली नाही. अंगणात आली, खुर्च्यांच्या मागे उभ्या असलेल्या पहिल्या माणसापाशी गेली आणि पोथी वाचावी तशा आवाजात म्हणाली, "दादा, तुमच्या आईच्या फॉर्मवर जेवणाच्या ओळीत काय लिहिलंय, आठवतं का? माझ्या आत्याच्या फॉर्मवर मी उपास लिहिले. त्या नावाखाली हिला आठवड्यातले चार चार दिवस जेवण नाही. हे माझं अक्षर. आणि तिकडे तिच्या मनगटावरचा वळ बघा." पुढच्या बाईला तेच सांगितलं. तिच्या पुढच्यालाही. आपलं अक्षर दाखवताना दर वेळी तिच्या कानाच्या पाळ्या तापत होत्या, पण तिनं एकालाही वगळलं नाही.

चौथा माणूस म्हणाला, "माझ्या वडिलांना तिखट नको असं लिहिलंय." तो वडिलांकडे वळला. "बाबा, तुम्हाला भाजी देतात ना?" बाबांनी आधी आयेकडे बघितलं. तेवढं पुरलं. तीन-चार जण कचेरीकडे चालू लागले. फॉर्म दाखवा, आत्ताच्या आत्ता दाखवा.

वसुंधराबाई दारात आल्या. त्यांचा आवाज आता गोड नव्हता. "न्या तुमच्या म्हातारीला! न्या आणि तोंड काळं करा. काही झालं तर जबाबदारी तुमची!"

"माझीच," जयवंती म्हणाली.

आत्याला रिक्षात बसवताना अँजेलिना काठी टेकत फाटकापर्यंत आली. "माज्या पोरीला, फ्लॉसीला सांग, पापडी गावात राहते. चर्चच्या मागे घर हाय. सांग, मम्मी बोलवते. आजारी म्हनून सांग, नायतर यायची नाय."

"मी आजच जाते," जयवंतीनं सांगितलं.

रिक्षा निघाली. आत्या बाहेर बघत होती.

"घरी गेल्यावर गरम भात देते," जयवंती म्हणाली. "वरण, तूप. आजपासून तुझा एकही उपास नाही."

"आजपासून!" आत्या वळली. "तू ठरवणार? तेव्हा उपाशी राहायचं तू ठरवलंस, आता खायचं पण तूच ठरवणार? मी तुला सांगितलं होतं, सोडले उपास. तेव्हा तू मान डोलावलीस. मला वाटलं, कळलं हिला."

"चुकले मी."

"माफी मागू नको. मला राग करू दे."

 आगाशीचा बाजार आला. रस्त्याच्या कडेला एक कोळीण टोपलीत सुके बोंबील घेऊन बसली होती.

"थांबव रे," आत्या रिक्षावाल्याला म्हणाली. मग जयवंतीला. "जा. ते घे."

"आत्या, श्रावण आहे. माझ्या घरात..."

"माहीत आहे मला श्रावण आहे."

जयवंतीच्या घरात श्रावणभर कांदासुद्धा येत नव्हता. देव्हारा आणि चूल एकाच खोलीत होती. तिनं परडी सावरली. मग उतरली.

"बोंबील द्या."

कोळणीनं तिच्या कपाळाकडे, हातातल्या बेलाच्या परडीकडे बघितलं. "श्रावनात? आन सोमवारी?" ती हसली. "बाय, तुला नक्की पायजे?"

"हो. द्या लवकर."

वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं घेऊन जयवंती परत बसली. तो वास रिक्षाभर झाला. पुडकं आत्याकडे द्यायला गेली, तर आत्यानं हात मागे घेतला.

"तुझ्याच मांडीवर ठेव. तूच भाजायचे, तूच वाढायचे. आणि माझं खाऊन होईपर्यंत समोर बसायचं. पूजा आहे म्हणून उठायचं नाही."

"नाही उठणार," जयवंती म्हणाली आणि बेलाची परडी पायाशी ठेवून पुडकं दोन्ही हातांनी मांडीवर धरलं.