वाटीची हरवलेली जागा

मी एक जुनी थापी आहे, मित्रांनो. लोहाराने मला गवंड्यासाठी घडवलं, पण माझ्या नशिबी भिंती बांधणं नव्हतं, जमिनीखाली गेलेल्या भिंती उघड्या करणं होतं. एका उत्खननात मी काकांच्या हाती पडले. काका तिथले सर्वांत जुने खोदकामगार. वीस वर्षं त्यांनी मला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही, याचा मला भारी तोरा!

पुरातत्त्व म्हणजे पुरलेलं सोनं शोधणं, असं पुष्कळांना वाटतं. कसलं सोनं अन् कसलं काय! फुटकी खापरं, चुलीतली राख, जळके दाणे, हाडं यांवरून पूर्वीची माणसं कशी राहत होती, काय खात होती, हे ओळखायचं. त्यात वस्तूइतकीच तिची जागाही मोलाची. सहसा वरचा थर नवा, खालचा जुना. म्हणून काही सापडलं की आधी मोजमाप, मग फोटो आणि मगच हात.

तो दिवस मात्र वैऱ्यावरही येऊ नये. आमच्या खड्ड्यावरून रस्ता जायचा होता. बाराची मुदत होती आणि यंत्र काठावर घरघरत उभं होतं. खालच्या, जुन्या काळ्या थरात माणसाच्या हातची एक तरी वस्तू मिळाली, तरच रस्ता थांबणार होता. उत्खनन चालवणाऱ्या बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

साडेअकराला, वरची पिवळी माती संपून काळी सुरू होते तिथेच, माझं टोक कशाला तरी अडलं. मातीची वाटी! काकांना राहवलं नाही. वीस वर्षांत केलं नव्हतं ते त्यांनी केलं. वाटी चटकन उचलली आणि फुंकून पाहिली. भुसभुशीत माती लगेच ढासळली आणि वाटीची जागा पुसली गेली. तेवढ्यात बाईंची चाहूल लागली, तशी त्यांनी घाबरून ती काळ्या मातीत टेकवली.

"काका! काळ्या थरात!" बाई ओरडल्या. "वाचलो आपण! फोटो घ्या रे, लवकर!"

काकांच्या तळहाताला घाम फुटला. माझी मूठ ओली झाली. ते गप्प बसले असते, तर सगळं निभावलं असतं.

"बाई, नका काढू फोटो," ते म्हणाले. "मी उचलली होती ती."

"कुठून? काळ्यातून की पिवळ्यातून?"

"नाही सांगता येत. सगळं लक्ष वाटीवरच होतं. चुकलंच माझं."

बाईंनी वहीत लिहिलं, 'थर निश्चित नाही.' बारा वाजता यंत्र खड्ड्यात उतरलं. काका काठावर उभे राहून बघत होते. त्यानंतर त्यांनी मला कधी हातात धरलं नाही.

आता ती वाटी संग्रहालयात काचेमागे आहे आणि मी एका खणात गंजत पडले आहे. मित्रांनो, पायवाटेवर किंवा घराचा पाया खणताना जुनं काही दिसलं, तर उचलू नका. जिथे आहे तिथेच राहू द्या आणि जाणत्या माणसाला हाक मारा. ती वाटी काळ्या थरातच होती. मला पक्कं ठाऊक आहे, तिच्या खाली आणि कडेला माझ्या टोकाला काळीच माती लागली होती. पण मला विचारणार कोण?