वाकडा बसलेला तिसरा प्लग

मी बोलतोय तो एका बंद गाडीच्या इंजिनातून, तेही अर्धा आत आणि अर्धा बाहेर अडकलेल्या अवस्थेत. मी एक स्पार्क प्लग आहे. बोटाएवढा जीव, खाली लोखंडी आटे, वर चिनीमातीची पांढरी मान. पेट्रोल असलं, हवा असली, तरी ठिणगी पाडायला मी नसेन तर गाडी म्हणजे नुसती पत्र्याची खोली. ही बढाई नव्हे. ती ठिणगी माझ्या नशिबात एकदाही आली नाही.

कारखान्यात माझ्यासारखे हजारो जण एका रांगेत तयार झाले. एका बाईने भिंगातून माझ्या टोकाची फट तपासली आणि मला पुढे सरकवलं. मग पुठ्ठ्याची डबी आणि स्पेअर पार्टच्या दुकानातली फळी. दोन वर्षं मी वायपर आणि फॅनबेल्टच्या शेजारात काढली. वायपरना पाण्याशिवाय दुसरा विषय नसतो. मी मात्र आगीची स्वप्नं बघत पडून होतो.

एका शनिवारी संध्याकाळी एक प्लंबर आला आणि आम्हा चार प्लगांना घेऊन गेला. पन्नाशीचा गडी, राकट हातांचा. त्याने बसवलेला नळ कधी गळत नाही, अशी त्याची ख्याती. 'घट्ट ते पक्कं' हे त्याचं तत्त्वज्ञान, आणि नळांच्या बाबतीत ते खोटंही नसावं.

रविवारी त्याला थोरल्या भावाला घरी आणायचं होतं. दादा घाटापलीकडच्या शहरात हॉस्पिटलात होते. डॉक्टरांनी हात टेकले होते, घरी न्या म्हणाले होते. दादांची एकच अट होती. "आडवा पडून यायचं नाही मला. ॲम्ब्युलन्स नको. तू तुझी गाडी आण, मी पुढे तुझ्याशेजारी बसून येतो."

गाडी मात्र चढावर आचके द्यायची. मेकॅनिक म्हणाला होता, प्लग गेलेत, सोमवारी आणा, बदलून देतो. रविवारी गॅरेज बंद. दादांच्या हातात सोमवार आहे की नाही, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून प्लंबरने ठरवलं, आपणच बदलू.

सकाळी आठला अंगणात बॉनेट उघडलं. बायको शेजारी उभी राहून डबीतला कागद वाचत होती.

"अहो, यात लिहिलंय, आधी नुसत्या हाताने फिरवायचा. पाना अगदी शेवटी, तोही पाव फेरा."

"तीस वर्षं आटे फिरवतोय मी. मला कागद नको वाचून दाखवू."

मग त्याने खिशातून पांढरी टेप काढली, नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती, आणि आम्हा चौघांच्या आट्यांवर गुंडाळली. "गळायला नको," म्हणाला. आमच्या जागेत पाणी नसतं, हे त्याला सांगणार कोण?

पहिले दोन कसेबसे सरळ बसले. माझी जागा एका नळीखाली, अडचणीची. तिथे त्याचा हात पोचेना. त्याने मला थेट पान्यात धरलं आणि चाचपडत लावलं. मी तिरका लागलो. मला कळलं, पण टेपमुळे त्याच्या बोटांना कळलं नाही. पाना जड जाऊ लागला तसा तो खूश झाला. त्याच्या धंद्यात जड जाणं म्हणजे सांधा पक्का होणं. त्याने दात ओठ खाऊन आणखी एक फेरा दिला. इंजिनाचा धातू मऊ असतो. आतले आटे चिरडत गेले, माझी मान तडकली आणि मी तिथेच रुतलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

त्याने उलटं फिरवून पाहिलं. मी ढिम्म. तेवढ्यात फोन वाजला. हात काळे होते, म्हणून बायकोने फोन त्याच्या कानाशी धरला. दादा होते.

"निघालास का रे?"

प्लंबरने माझ्याकडे पाहिलं. "निघालो दादा. वाटेतच आहे."

"मग मी बूट घालून बसतो."

फोन बंद झाल्यावर बायको म्हणाली, "असं का सांगितलंत?"

"पाच मिनिटांत सुटेल हा. तेवढ्यासाठी त्याला घोर कशाला लावायचा?"

पाच मिनिटांचा तास झाला. तेल ओतून झालं, हातोडीने ठोकून झालं. मला सुटायचं होतं हो. ठिणगी गेली खड्ड्यात, या माणसाला जाऊ दे, असं मला मनापासून वाटत होतं. पण लोखंडाला मन असून उपयोग काय?

बायकोने पुन्हा विनवलं. "साडेअकराची बस आहे. बसने जा, येताना टॅक्सी करा. भाऊजींना गाडीशी नाही, तुमच्याशी मतलब आहे."

"निघालो म्हणून सांगितलंय. बसमधून उतरलो तर काय तोंड दाखवू त्याला?"

साडेअकरा वाजून गेले. एक वाजता पुन्हा फोन आला. कुठवर आलास, असं दादांनी विचारलं. "घाटात," तो म्हणाला आणि पाना पुन्हा माझ्यावर लावला. चौथ्या प्लगची जागा अजून रिकामीच होती.

तीनला फोन आला तो नर्सचा. या वेळी बायकोने ऐकलं आणि त्याला सांगितलं. दादा दारापाशी खुर्चीत बसून होते. बूट घातलेले, मांडीवर कपड्यांची पिशवी. आत चला म्हटलं तर ऐकेनात, भाऊ घाटात आहे म्हणाले. अडीच वाजता नर्स पाणी घेऊन आली तेव्हा मान खाली गेली होती.

प्लंबर खाली बसला. पाना माझ्यावर तसाच लटकत राहिला.

दहाबारा दिवसांनी मेकॅनिक येऊन बघून गेला. "इंजिनाचं हेड उतरवलं तर नवे आटे पाडता येतील," म्हणाला. प्लंबर म्हणाला, "राहू दे." त्यानंतर दुरुस्तीला कोणी हात घातलेला नाही. माझ्यावर गंज चढतोय. रोज सकाळी तो बॉनेट उघडतो, माझ्याकडे बघत उभा राहतो, काही करत नाही. संध्याकाळी बायको येऊन बॉनेट लावते.

मला बाहेर काढा, असं मागणं मी आता करत नाही. काढलंत तरी मी भंगारच. पण तुमच्यापैकी कोणी त्या अंगणात गेलात, तर त्याला सांगा की प्लगच सदोष होता, आटेच मुळात वाकडे होते. ते खरं नाही. तरी सांगा. तो तुमचं ऐकून घेईल, मान हलवेल, आणि विश्वास ठेवणार नाही. तीस वर्षं आटे फिरवलेत त्याने. सरळ कुठला आणि वाकडा कुठला, हे त्याच्या हातांना माहीत आहे.